मधल्याचा वाटा

जुन्नर तालुक्यातल्या एका गावात दोन भाऊ राहत होते. वडील गेले आणि वर्षाच्या आत वाटण्या झाल्या. शेताच्या मधोमध बांध पडला. घराच्या मधोमध भिंत आली. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. आई एक महिना थोरल्याकडे आणि एक महिना धाकट्याकडे जेवू लागली. सगळं वाटून झालं, वडिलांची पिकअप तेवढी उरली. तिचे दोन तुकडे होत नव्हते आणि ती विकायला दोघांचंही मन धजत नव्हतं. टोमॅटोच्या हंगामात तिच्यावाचून दोघांचंही अडलं असतं.

चार माणसांनी बसून तोड काढली. गाडी आलटून पालटून वापरायची. खर्चाचं असं ठरलं, की उजवीकडचं थोरल्याचं आणि डावीकडचं धाकट्याचं. उजवा टायर झिजला तर थोरल्याने घालायचा, डावा दिवा फुटला तर धाकट्याने. पाटे, ब्रेकचे लायनर, आरसे, सगळ्याला बाजू मिळाली. इंजिन मधे होतं खरं, पण त्याचं काही बिघडलं तर समोर लाल दिवा लागायचा. ज्याच्या पाळीला दिवा लागेल त्याने बघायचं, हेही ठरलं.

मागच्या दोन चाकांच्या मधे, गाडीच्या पोटाखाली, डिफरन्शियलचा लोखंडी गोळा असतो. लांब प्रोपेलर शाफ्ट इंजिनाचा जोर तिथवर आणतो. तिथे टेल पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतं, आणि क्राऊनच्या पोटातले छोटे स्टार गिअर तो जोर डाव्या-उजव्या एक्सलला वाटून देतात. ह्या गोळ्यासाठी समोर दिवा नसतो. त्यातलं ऑइल बघायचं तर गाडीखाली आडवं व्हावं लागतं, बूच खोलावं लागतं आणि भोकात बोट घालावं लागतं. तो ना उजवीकडचा होता, ना डावीकडचा. दोघेही कधी गाडीखाली गेले नाहीत.

एका चैत्रात थोरल्याने आपल्या बाजूचा मागचा टायर नवा घातला. धाकट्याच्या बाजूचा झिजून गुळगुळीत व्हायला आला होता, पण अजून हंगामभर चालेल असं त्याला वाटलं. पुढे गाडी वेगात असली की मागून एक हुंकार ऐकू येऊ लागला. अॅक्सिलरेटर दाबला की तो चढायचा, सोडला की सूर बदलायचा. थोरला म्हणायचा, डाव्या टायरचा आवाज आहे. धाकटा म्हणायचा, उजव्या चाकाचं बेअरिंग आहे. दोघांनीही आपापली बाजू तपासली. दोघांच्याही बाजूला काही दोष सापडला नाही.

आषाढात थोरला कल्याणच्या बाजारात टोमॅटो उतरवून परत येत होता. येताना त्याने खताच्या गोण्या भरल्या होत्या. माळशेज घाटाच्या चढणीला मागे धाडकन आवाज झाला. इंजिन चालू होतं, प्रोपेलर फिरत होता, चाकं मात्र जागची हलेनात. पावसात आणि धुक्यात गाडी ओढून आणावी लागली. ओढून आणण्याचा खर्च दोघांनी निम्मा निम्मा दिला आणि त्यावरूनही दोघांत शब्दाला शब्द लागला.

गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून दोघे गप्प झाले. हंगाम उभा होता, क्रेट भरून पडले होते, गाडी मात्र पडवीपुढे चिखलात उभी होती. तेव्हा आईने कोणाला न विचारता आपल्या भावाला निरोप धाडला.

मामा एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून निवृत्त झाले होते. उभी हयात त्यांनी बसगाड्यांच्या पोटाखाली काढली होती. ते आले, चहा घेतला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "घरीच करू. पण माझी एक अट आहे. काम संपेपर्यंत उजवं-डावं काढायचं नाही. खर्च मी करतो. हिशेब शेवटी." दोघांनी मान हलवली.

पडवीत ताडपत्री बांधली. पुढच्या चाकांना दगड लावले, मागून जॅक चढवला आणि एक्सलखाली दोन मजबूत घोडी ठेवली. नुसत्या जॅकवर सोडलेल्या गाडीखाली मामा कोणाला जाऊ देईनात. मग बूच काढलं. दोन लिटरच्या आसपास ऑइल हवं होतं, आलं अर्ध्याहून कमी. ते काळं होतं, करपल्यासारखा वास येत होता आणि उन्हात धरलं तर आत चांदीसारखी चमक दिसत होती. ती चमक झिजलेल्या लोखंडाची होती. एक्सल बाहेर ओढले, प्रोपेलर सोडला, बोल्ट काढले आणि पुढच्या बाजूने सगळं गाठोडं बाहेर आलं. ते एकट्याने उचलेना. दोघा भावांनी दोन बाजूंनी धरलं तेव्हा कुठे ते बाकावर चढलं.

सुटे झालेले बोल्ट आणि वायसर आईने रॉकेलच्या परातीत घेतले. ती ते बोटांनी चाचपून वेगळे करत होती. मधेच तिने परातीच्या तळातून एक तुकडा वर काढला आणि म्हणाली, "हा बोल्ट नाही, बघा रे." तो टेल पिनियनचा दात होता. मामांनी तुकडा घेतला. मग ते तिच्या बोटांकडे आणि चेहऱ्याकडे बघत राहिले. पण तेव्हा काही बोलले नाहीत.

दुपारी मामांनी दोन्ही मागच्या टायरांना सुतळी गुंडाळून माप घेतलं. नव्याचा घेर 221 सेंटिमीटर भरला, झिजलेल्याचा 217. त्यांनी खडूने फरशीवर आकडे मांडले. "लहान चाकाला तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे लागतात," ते म्हणाले. "किलोमीटरला आठ. शंभर किलोमीटरला आठशे. हे स्टार गिअर वळणासाठी असतात. सरळ रस्त्यावर त्यांनी गप्प बसायचं असतं. तुमच्या गाडीत त्यांना विसावाच मिळाला नाही. सरळ रस्त्यावरही ते फिरत राहिले, तेही कमी ऑइलात. त्यांची पिन खरवडली, खालचे वायसर कागदासारखे झाले. टेलचं बेअरिंग ऑइलावाचून गेलं, म्हणून हुंकार. बेअरिंग गेलं म्हणून टेल डगमगायला लागलं, आणि घाटात वजन आल्यावर दात गेला."

"म्हणजे चूक कोणाची?" धाकट्याने विचारलं.

"पाना दे," मामा म्हणाले.

पुण्याच्या नाना पेठेतून सामान आलं. क्राऊन आणि टेल एकाच खोक्यात होतं आणि दोघांवर एकच नंबर कोरलेला होता. क्राऊनला 41 दात, टेलला 10. कारखान्यात ही जोडी एकमेकांवर घासून तयार केलेली असते. त्यामुळे एक तुटलं तरी दोन्ही बदलावी लागतात. थोरल्याला जुनं क्राऊन टाकवत नव्हतं. त्याचे दात धड दिसत होते. मामांनी त्याला ते हातात घेऊ दिलं, बोट फिरवू दिलं आणि मग भंगारात ठेवायला सांगितलं.

बाहेर तीन दगडांची चूल मांडली. जुन्या पातेल्यात ऑइल तापवून त्यात नवी बेअरिंग सोडली. तापल्यावर बेअरिंग किंचित फुगतं आणि न ठोकता शाफ्टवर बसतं. थोरल्या सुनेने जाळ धरला, धाकटीने चिमट्याने बेअरिंग उचलून दिलं. भिंत झाल्यापासून दोघींनी एका चुलीवर काही केलं नव्हतं. मामा एवढंच म्हणाले, "जाळ मंद असू द्या. धूर निघता कामा नये."

मग आलं प्लेचं काम. क्राऊनचे दात टेलच्या दातांत बसतात, पण अगदी घट्ट बसून चालत नाहीत. मधे ऑइलला जागा लागते. ह्या जोडीला 0.15 ते 0.20 मिलिमीटर मोकळीक हवी होती. कमी झाली तर दात तापून एकमेकांना खातात, जास्त झाली तर प्रत्येक धक्क्याला आपटतात. क्राऊनच्या दोन्ही बाजूंना खाचांच्या गोल चकत्या असतात. त्या फिरवून क्राऊन इकडे किंवा तिकडे सरकवायचं. मामांनी एका बाजूला थोरल्याला बसवलं, दुसऱ्या बाजूला धाकट्याला. दोघांच्या हातात एकेक सळई दिली. स्वतः डायल गेज लावून बसले.

काटा 0.30 वर होता. "धाकट्या, एक खाच आवळ," मामा म्हणाले. धाकट्याने सळई लावून जोर केला. चकती हलेना. त्याने आणखी जोर केला. ती थोडी फिरली आणि क्राऊन जागीच जखडलं. हाताने फिरवून बघितलं तर जड लागत होतं.

"दादाने सोडलंच नाही," धाकटा म्हणाला.

"मला सोड म्हणून कोणी सांगितलं?" थोरला म्हणाला.

मामांनी दोन्ही चकत्या पुन्हा पहिल्या जागेवर आणल्या. "मधल्याला सरकायचं असेल तर एकाने जेवढं आवळायचं तेवढं दुसऱ्याने आधी सोडायचं," ते म्हणाले. "एक खाच इकडे, एक खाच तिकडे. जास्त नाही, कमी नाही. आणि सोडणाऱ्याने आधी. हे तोंडाने बोलून करा. मी काट्याकडे बघतोय."

सुरुवातीला दोघांना बोलणं अवघड गेलं. मग थोरला म्हणाला, "सोडली." धाकटा म्हणाला, "आवळली." काटा 0.22 वर आला. "सोडली." "आवळली." काटा एकदम 0.12 वर गेला. जास्त झालं होतं. आता धाकट्याने सोडायचं होतं आणि थोरल्याने आवळायचं. "अर्धीच," थोरला म्हणाला. "अर्धीच," धाकटा म्हणाला. काटा 0.17 वर स्थिर झाला. क्राऊन चारही बाजूंना फिरवून बघितलं. सगळीकडे काटा तिथेच आला.

तेवढ्यावर भागलं नाही. दात एकमेकांना नेमके कुठे टेकतात तेही बघायचं होतं. मामांनी वाटीत शेंदूर घेऊन तेलात कालवला आणि ब्रशने क्राऊनच्या काही दातांना लावला. शिशाचा असतो म्हणून जेवणाआधी हात घासून धुवायला बजावलं. मग क्राऊनला लाकडाचा दाब देत टेल फिरवलं. टेलचा दात जिथे टेकला तिथला शेंदूर पुसला गेला आणि खालचं लोखंड उघडं झालं. तो डाग दाताच्या मधोमध पडायला हवा होता. पडला होता शेंड्याशी.

"टेल लांब बसलंय," मामा म्हणाले. म्हणजे ते सगळं पुन्हा खोलायचं, बेअरिंग काढायचं, टेलच्या डोक्याखाली जाड शिम, म्हणजे अंतर भरणारा वायसर, घालायची आणि सगळं परत बसवायचं. संध्याकाळ झाली होती. धाकट्याने विचारलं, "मामा, असंच चाललं तर नाही का चालणार?" मामा म्हणाले, "चालेल. दिवाळीपर्यंत."

दुसऱ्या दिवशी 0.10 मिलिमीटरची शिम वाढवली. पुन्हा "सोडली", पुन्हा "आवळली". शेंदराचा डाग खाली सरकला आणि दाताच्या मधे आला. ह्या खेपेला मामांना सूचना द्याव्या लागल्या नाहीत.

मग खरी बांधणी. टेलच्या दोन बेअरिंगांच्या मधे एक पातळ नळी बसते. नट आवळत नेला की ती नळी दबते आणि बेअरिंगांवर नेमका ताण येतो. त्या नळीला दुसरी संधी नसते. ताण जास्त झाला म्हणून नट सैल केला, तर दबलेली नळी परत उभी राहत नाही. थोरल्याने पान्याला लांब पाइप लावला. नळी दबायला लागेपर्यंत त्याला घाम फुटला. आणि ती दबायला लागली तेव्हा त्याच जोरात हात पुढे गेला. मामांनी टेलला दोरी गुंडाळून ताणकाट्याने ओढून बघितलं. जड झालं होतं.

थोरला खाली मान घालून बसला. नट थोडा मागे घेतला असता तर टेल हलकं फिरलं असतं. वरून कोणाला काही कळलं नसतं. धाकटा उठला आणि खोक्यातून दुसरी नळी घेऊन आला. "ही घे, दादा," तो म्हणाला. "मी टेल धरतो, तू अगदी थोडं थोडं आवळ. दर खेपेला काट्यावर बघू." तसंच केलं. वेळ लागला, पण ताण बरोबर आला.

गाठोडं गाडीत चढलं, एक्सल बसले, 90 नंबरचं गिअर ऑइल भोकाच्या काठापर्यंत भरलं. त्याचा गंधकाचा उग्र वास पडवीभर झाला. तोच गंधक घासणाऱ्या दातांना वाचवतो, मामांनी सांगितलं. चाकं अजून हवेतच होती. मामांनी गाडी गिअरमध्ये टाकली, म्हणजे क्राऊन धरलेलं राहिलं. "आता तू उजवं चाक पुढे फिरव," ते थोरल्याला म्हणाले. थोरल्याने फिरवलं. डावं चाक तेवढंच मागे फिरलं.

"ही युक्ती 1827 साली फ्रान्समधल्या पेक्यूर नावाच्या घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी काढली," मामा म्हणाले. "दोन चाकांत 1.4 मीटर अंतर असेल तर गाडी पूर्ण उलटी वळवताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साधारण 4.4 मीटर जास्त चालतं. वळण लहान असो की मोठं. आतलं जेवढं कमी फिरतं तेवढंच बाहेरचं जास्त फिरतं. पुढच्या वळणाला उलट. जोर मात्र दोघांना सारखा. एकाचं चाक चिखलात फिरायला लागलं की दुसऱ्यालाही तेवढाच कमी जोर मिळतो, मग ते कोरड्यावर असलं तरी जागचं हलत नाही."

दोघे भाऊ चाकांना हात लावून उभे होते.

रात्री जेवणं झाल्यावर थोरल्याने हिशेब विचारला. मामांनी खिशातून कागद काढला आणि आईच्या हातात दिला. "वाच, ताई." आईने कागद लांब धरला, जवळ धरला, दिव्याकडे वळवला. मग मांडीवर ठेवला. "मला नाही दिसत रे आता," ती म्हणाली.

"कधीपासून?" दोघांनी एकदमच विचारलं.

"झाली दोन वर्षं. मोतीबिंदू आहे म्हणाले शिबिरातले डॉक्टर."

थोरल्याला वाटलं होतं, धाकट्याच्या महिन्यात तो नेईल. धाकट्याला वाटलं होतं, दादा थोरला आहे, तो नेईल. ती कोणाच्याही महिन्यात स्वतःहून बोलली नव्हती. ती तांदूळ बोटांनी निवडत होती, बोल्ट बोटांनी निवडत होती, आणि दोघांनाही ते तिचं कसब वाटत होतं.

वाटण्या करण्यात वाईट काही नाही. बांध नसला तर भांडणं वाढतात, पाळी नसली तर विहीर आटते. पण कुठल्याही वाटणीत काहीतरी मधे उरतंच. त्याला बाजू नसते, आणि ते बिघडायला लागलं तर कुठे दिवा लागत नाही. दोन्ही बाजू मात्र त्याच्याच जोरावर चालत असतात. ज्याने त्याने आपली बाजू चोख ठेवली म्हणजे मधलंही राखलं गेलं, असं होत नाही. त्यासाठी कोणाला तरी खाली वाकून बघावं लागतं, आणि ती पाळी कोणाची हे ठरलेलं नसतं.

नव्या दातांची गाडी लगेच वजनाला लावायची नसते. पहिले आठशे किलोमीटर हलकीच हाकायची, आणि पहिल्या फेरीत थोडं चालवून थांबायचं, थंड होऊ द्यायचं, असं मामांनी सांगितलं होतं. पहिल्या फेरीला दोघे भाऊ आईला घेऊन नारायणगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. पुढे तिघांना पुरेल एवढी जागा होती. वाटेत दोनदा थांबून धाकट्याने गोळ्याला हात लावून बघितला. कोमट होता, चटका बसत नव्हता. मागून हुंकार येत नव्हता. डॉक्टरांनी तपासून एका डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दिली.

आठशे किलोमीटर झाल्यावर ऑइल बदललं. नवे दात सुरुवातीला सोडतात तशी बारीक राखाडी पूड त्यात होती, तुकडा एकही नव्हता. त्याच आठवड्यात मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे घातले आणि बिल एकच झालं.

आईच्या दुसऱ्या डोळ्यासाठी पौषातली तारीख मिळाली. तेव्हा कांद्याच्या लागणीची घाई होती आणि दोघांच्याही रानात माणसं लावलेली होती. त्या दिवशी लागण बंद ठेवली आणि गाडी सकाळी सहाला नारायणगावला निघाली.